सिंकखालचे पाणी

६ फेब्रु. ८४, सोम.
सामान आले. स्टीलचे सिंक १ – रु. २६०. पितळी नळ १ – ३८. लोखंडी पाइप, एल्बो वगैरे – ९४. सांडपाण्याचा प्लॅस्टिक पाइप व एक वाकडा तुकडा – ७१. सांध्यांना ताग, सफेदा – ६. हातगाडी – ४ (पाच मागत होता). सगळे भिशीतून.
सिंक देवासमोर ठेवून हळदकुंकू लावले. हे हसले. म्हणाले, दुकानातल्या शिवणयंत्रासारखे याचेही का? हो, तसेच.

७, मंगळ.
सासूबाई के. आर. नगरला, वन्संच्या बाळंतपणाला. शिवरात्रीच्या आत परत यायच्या. यांचे म्हणणे, तेवढ्यात उरकून घे, आल्यावर बघू. मला ते चोरून केल्यासारखे वाटते. पण डॉक्टरांनी माझा गुडघा दाबून सांगितले, उकिडवे बसणे बंद. मग मागच्या बच्चलात, न्हाणीतल्या दगडावर बसून दोन वेळची भांडी कोण घासणार? सा.बा. सत्तरीच्या. मागच्या पावसाळ्यात तिथेच घसरल्या.
गॅस आला तेव्हा सात महिने माझ्या हातचे जेवल्या नाहीत. अंगणात चूल मांडून आपले आपण करत. मी खिडकीतून धूर बघायची. ते पुन्हा नको. सिंक हवे, आणि त्यांचे पानही माझ्याच स्वयंपाकघरात हवे.

९, गुरु.
करीमसाब प्लंबर आले. सांडपाणी तुळशीच्या अंगाने काढत होते, जवळ पडते म्हणून. नाही म्हटले, मागच्या गटाराच्या चेंबरकडे न्या. म्हणाले, "आगल्ल अक्का, जमणार नाही, तिकडे उतारच मिळणार नाही." यांची दुकानातली टेप, खडू घेतला. शेजारच्या गवंड्याकडून पाणी भरून पातळी बघायची नळी मागून आणली. भिंतीवर दोन खुणा. चौदा फुटांत पाच इंच उतार निघाला.
करीमसाब बघत उभे. "भिंतीला ब्लाऊज शिवताय का अक्का?"
म्हटले, शिवते, पण माप चुकवत नाही. पाइप मागे गेला.

१०, शुक्र.
सिंक बसले. करीमसाब खालचा वाकडा तुकडा जोडायला लागले तेव्हा विचारले, हा कशाला. त्यात नेहमी थोडे पाणी राहते म्हणे. धुतल्याचे? हो. म्हणजे उष्ट्या-खरकट्याचे पाणी दिवसरात्र ओट्याखाली, देवांपासून चार हातांवर. मला चालणार नाही. सा.बां.ना तर नाहीच. सरळ पाइप लावा म्हटले. त्यांनी दोनदा समजावले, मग "सरी, बरं, घर तुमचे" म्हणून सरळ लावून गेले. वाकडा तुकडा कोपऱ्यात ठेवला.
उभ्याने भांडी घासली. गुडघा गप्प. पंधरा मिनिटांत काम संपले, मग हात पुसत उगाच उभी राहिले.

११, शनि.
दिवेलागणीला उदबत्ती लावली आणि घाण वास. आधी वाटले मेलेला उंदीर. सगळे फडताळ उपसले. नाही. वास सिंकच्या भोकातून. फडके कोंबले.

१३, सोम. एकादशी.
फडके काढून फराळाचे भांडे धुतले तर भोकातून झुरळ बाहेर. दुसरे नैवेद्याच्या वाटीवरच्या झाकणावर. वाटी घासून पुन्हा नैवेद्य केला. विठ्ठलापुढे बसले पण लक्ष सगळे नाकात. ओवळे टाळायला गेले आणि गटार देवापर्यंत आणले. चूक माझी. यांनी करीमसाबांना निरोप द्यायला सायकल काढली.

१४, मंगळ.
करीमसाब आले. मी आधीच म्हटले, माझे चुकले. हसले नाहीत. वाकडा तुकडा जोडता जोडता म्हणाले, "ते पाणी म्हणजे दार आहे अक्का. ते नसेल तर वास सरळ तुमच्या देवाकडे."
खरे. पण दाराला उष्टे पाणी कशाला?

१५, बुध.
सकाळी खटपट केली. सिंकमध्ये हळदीचे दाट पाणी ओतले. वर एक तांब्या स्वच्छ पाणी. मग खालचे बूच फिरवून वाकड्यातले पाणी वाटीत घेतले. पिवळट. पुन्हा सगळे, आता दोन तांबे. वाटीतले पाणी नळाच्या पाण्यासारखे. तिसऱ्यांदा केले, खात्रीला. तसेच.
ठरले. शेवटचे भांडे झाले की दोन तांबे. दारात स्वच्छ पाणीच राहील. वास नाही, झुरळ नाही.
हे म्हणतात, आईला सिंकचे लिही, खालच्या पाण्याचे कशाला? वाकून कोण बघतंय.
मी बघते ना.

१७, शुक्र.
पत्राची नक्कल इथे ठेवते.

ती. सासूबाईंस नमस्कार. वन्सं व बाळ सुखरूप असतील. घरात भांडी घासायला सिंक बसवले. आपल्याला न विचारता केले, त्याची क्षमा. गुडघ्यासाठी केले, आणि आपण पुन्हा बच्चलात घसरू नये म्हणूनही.
एक गोष्ट लपवत नाही. सिंकखाली पाइपच्या वाकड्या तुकड्यात थोडे पाणी कायम राहते. तो तुकडा मी आधी लावू दिला नाही, तर गटाराचा वास देवापर्यंत आला. म्हणून मग बसवला. भांडी झाली की दोन तांबे स्वच्छ पाणी ओतते, म्हणजे त्यात तेच राहते. हळद घालून तीनदा पारखले. आपण आल्यावर आपल्यासमोर पुन्हा करून दाखवीन.
सांडपाणी तुळशीकडून नेलेले नाही. बच्चलाचा दगड घासून तसाच ठेवला आहे, आपली भांडी तिथे घासायची असतील तर मी घासीन.
त्यावरही मन घेत नसेल तर अंगणातली चूल सारवून ठेवते. सरपण ओले आहे, वाळायला आठ दिवस लागतील. आपले पान आत मांडू की चूल सारवू, ते उलट टपाली कळवावे.