सरांची गिटार

४ मार्च

ती. मामांस,
कृ. सा. न. वि. वि.

एखाद्याने मन मारून सोडून दिलेली गोष्ट आपण पुन्हा त्याच्या पुढ्यात आणून ठेवली, तर ती माया म्हणायची की छळ? आठवडाभर विचार करतेय. पदवी गाठीला असून उत्तर सापडत नाही. तुम्हाला लिहितेय, कारण प्रश्न दादाचाही आहे आणि लाकडाचाही.

दादाचे गिटारचे सर जानेवारीत गेले. त्यांची मुलगी आता घर रिकामं करतेय. परवा त्या आमच्या दातांच्या दवाखान्यात आल्या होत्या. मी डॉक्टरांना हत्यारं देत उभी होते, तोंडात कापूस असतानाच त्यांनी मला ओळखलं. निघताना म्हणाल्या की वडिलांची स्पॅनिश गिटार विकायची आहे, तुमच्या भावाचा तिच्यावर जीव होता, म्हणून आधी तुम्हाला विचारते.

तुम्हाला ती आठवत असेलच. स्पेनचं फ्लामेंको संगीत वाजवण्यासाठी बनवलेली, पिवळसर सायप्रस लाकडाची, सुपासारखी हलकी, व्हायोलिनसारख्या लाकडी खुंट्यांची. आत कारागिराच्या सहीची चिठ्ठी आहे, साठ वर्षांपूर्वीची. सर तिला कुणाला हात लावू देत नसत. अकरा वर्षांपूर्वी स्पर्धेसाठी त्यांनी ती दादाला दिली आणि दुसऱ्याच गाण्याला, सगळ्यांसमोर, वरची फळी तारा अडकवायच्या घोडीजवळ खचली. दादाने तारा फाजील ताणल्या असं जो तो म्हणाला. दादालाही तेच वाटतं. सर दोन दिवसांनी एवढंच बोलले की अशी वस्तू पोरांच्या हातात द्यायलाच नको होती. पुढे त्यांनी त्याला शिकवलं नाही. दादा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याने स्वतःची गिटार विकली, बर्फाच्या कारखान्यात लागला आणि त्याच पगारावर मी शिकले. अजूनही रेडिओवर गिटार लागली की तो उठून नळ नीट बंद आहे का ते बघून येतो.

गिटार घेतली तर पुढच्या शिक्षणासाठी साठवलेलं सगळं त्यात जाईल. आई म्हणते, हौसेला मोल नाही म्हणतात, पण विकणारा मागतोच. दादाला अजून काही बोललेली नाही. मामा, खचलेली फळी पुन्हा सरळ होते का? आणि घेण्याआधी काय काय तपासायचं? वाद्यं दुरुस्त करण्यात तुमचा जन्म गेला, तुमच्याइतकं नेमकं कोण सांगणार?

खोकला कसा आहे ते कळवावं. आहे ती माया आटू देऊ नये, ही विनंती.

तुमची भाची

१२ मार्च

चि. बॅरिस्टर भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. खोकला मजेत आहे, मीच जरा दमलोय. हल्ली कुणी वाद्य दुरुस्तीला आणत नाही, नवंच घेतात. गेल्या आठवड्यात एकच मेंडोलिन आलं, आणि त्याच्या मालकाला दुरुस्तीपेक्षा गप्पांची गरज जास्त होती. दोन्ही करून पाठवला.

गिटारचं म्हणशील तर घेऊ नकोस. म्हाताऱ्या लाकडाचा भरवसा माझ्या गुडघ्यांइतकाच. फळी वर उचलता येते, पण आवाज परत येईल याची हमी देव देणार नाही, तिथे मी कोण. तरी बघायची हौसच असेल तर एक डोळा मिटून, नेम धरल्यासारखी दांडी बघ, वाकली आहे का. खुंट्या घसरतात का, दांडीवरचे पडदे झिजलेत का, ते बघ. बस झालं. आत वाकून काही कळत नाही, आत अंधार असतो.

थोरला आता मार्गाला लागलाय. भरत आलेल्या जखमेची खपली कशाला काढायची? तू शिकलीस याचं मला तुझ्या आईइतकंच कौतुक आहे, पण शिकलेल्या माणसांना एक खोड असते, दिसेल त्याचं भलं करून सोडायची. ते पैसे तुझ्या पुढच्या वर्गाला भर आणि त्या गिटारला तिच्या खिळ्यावर राहू दे.

ताईला नमस्कार सांग. हे ओरडणं समज किंवा लाड समज, दोन्ही एकाच पाकिटात घातलेत.

तुझा मामा

२० मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

रविवारी सरांच्या घरी गेले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे दांडी पाहिली, ती सरळ आहे. दोन खुंट्या घसरतात. पडदे थोडे झिजलेत. फळीवर नखांचे ओरखडे आहेत आणि वाजवताना बोटांनी ठोके मारायच्या जागी चिकटवलेली पातळ पट्टी पिवळी पडली आहे. तिथवर माझा घ्यायचा विचार पक्का होत आला होता.

पण आत अंधार असतो असं तुम्ही लिहिलं होतं, आणि आमच्या दवाखान्यात दिवसभर अंधारात बघण्याचंच काम चालतं. डॉक्टरांकडून दाढा बघायचा छोटा आरसा आणि बॅटरी मागून नेली होती. गिटारच्या भोकातून आरसा आत घातला. फळीला आतून आधार देणाऱ्या सात बारीक पट्ट्या पंख्यासारख्या चिकटवलेल्या आहेत. त्यांतल्या चार मधोमध तासलेल्या आहेत, दोन तर पुठ्ठ्याइतक्याच उरल्या आहेत. फळी खचली ती नेमकी तिथे. बाकीचं लाकूड काळवंडलंय, तासलेली जागा अजून उजळ आहे.

शेजारी निळ्या पेन्सिलीने काढलेलं वर्तुळ आहे, त्यात उभी रेघ, खाली तारीख. मामा, आमच्या स्टुलाखाली तीच खूण आहे, कपाटाच्या दारामागेही आहे. तुम्ही दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूवर तुम्ही ती करता. लहानपणी मी घरभर ती शोधत फिरायचे. आरशात आकडे उलटे दिसतात म्हणून तारीख तीनदा वाचली. स्पर्धेच्या आदल्या दिवसाची आहे.

दादाला सहज म्हणून विचारलं की स्पर्धेच्या आधी गिटार कुठे कुठे नेली होतीस. म्हणाला, एक खुंटी घसरत होती, म्हणून दिवसभर मामांच्या दुकानात ठेवली होती. त्याला एवढंच माहीत आहे.

मी चुकत असेन तर मला फार आनंद होईल. तुम्ही लिहाल त्यावर माझा विश्वास बसेल, म्हणून खरं तेच लिहावं.

तुमची भाची

५ एप्रिल

चि. भाचीस,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तू चुकलेली नाहीस.

मेंडोलिन, बॅन्जो, हाच माझा धंदा. मेंडोलिनच्या आतल्या पट्ट्या जाड असतात, थोड्या तासल्या की आवाज मोकळा होतो. शेकडो वेळा केलंय. पोरगं स्पर्धेला जातंय, आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचायला हवा, म्हणून खुंटी झाल्यावर तारा सैल केल्या आणि कुणाला न विचारता हात आत घातला. त्या पट्ट्या मुळातच किती नाजूक आहेत ते माझ्या बोटांना कळलं नाही. मी मेंडोलिनच्या मापाने तासत गेलो. थोरल्याला सांगितलं नाही, कारण बक्षीस आल्यावर सांगायचं होतं. खूण केली ती सवयीने.

एवढंच असतं तर चूक होती, पदरात घेतली असती. पण स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सर गिटार घेऊन दुकानात आले. तुम्ही आत काही केलंत का, असं त्यांनी मला सरळ विचारलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी म्हणालो, खुंटीला खडू लावला, बाकी काही नाही, आणि अशी वस्तू पोरांच्या हातात द्यायचीच कशाला. ते मान हलवून गेले. त्यांनी थोरल्याला जे सुनावलं ते माझंच वाक्य होतं.

आज सांगेन, उद्या सांगेन म्हणेपर्यंत तो कारखान्यात लागला. मग त्याच्याकडे बघवेना. मी गाव सोडलं ते धंद्यासाठी, असं ताईला वाटतं.

आता ऐक. गिटार घे. अर्धी रक्कम मी देतो, पट्ट्या नव्या बसवून देतो, तेवढे हात अजून चालतात. थोरल्याला वाजती गिटार मिळेल, त्याला आणखी काय हवं? मात्र हे त्याला सांगू नकोस. सर गेले, आता खरं सांगून कुणाचं काय परत येणार आहे? ताईला माझी पत्रं तूच वाचून दाखवतेस, यातला एवढा भाग गाळ. तिच्यावाचून मला दुसरं कुणी नाही.

ताईला नमस्कार. तुझ्या मनात उरली असेल तेवढी माया मला पुरे.

मामा

१३ एप्रिल

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र एक दिवस पिशवीत घेऊन फिरले. तुमचं म्हणणं मी खरोखर तोलून पाहिलं. पण ती गिटार दादाच्या हातात ठेवताना मी काय म्हणणार होते? झालं गेलं विसर, असं? जे त्याने केलंच नाही ते?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकापाशी गेले आणि पत्र त्याला दिलं. त्याने हातमोजे काढले, उभ्यानेच वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं होतं तो हलका होईल. हे माझं पुस्तकी ज्ञान. त्याने एकच विचारलं, सर मामांना विचारायला दुकानापर्यंत गेले, मग मला का नाही विचारलं? तेवढ्यात भोंगा झाला. त्याने पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली आणि आत गेला. तेव्हापासून तो जेवायला बसतो तो मान खाली घालून. तुमच्याबद्दल एक वाईट शब्द बोललेला नाही. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

परवा मी त्याला विचारलं, गिटार आणू का. त्याने डावा हात पुढे करून मूठ मिटायला बघितली. बर्फात काम करून सांधे सुजलेत, मूठ पुरी वळत नाही. म्हणाला, ज्याची बोटं वळतात त्याला घेऊ दे गं. हे मला आधी दिसायला हवं होतं. एका घरात राहतो आम्ही.

म्हणून गिटार घेतली नाही. सरांच्या मुलीला मात्र आरशातून सगळं दाखवलं, खूण आणि तारीखसुद्धा. त्या म्हणाल्या की दादाचं नाव कुणी काढलं तर वडील उठून दुसऱ्या खोलीत जायचे, शेवटच्या आजारातही एकदा तसेच उठायला बघत होते. काल त्यांनी ती एका गिटार बनवणाऱ्याला विकली. तो फळी काढून पट्ट्या नव्या बसवणार आहे. तुम्ही पैसे पाठवू नयेत.

आज सकाळी आईने विचारलं, मामाचं पत्र येऊन इतके दिवस झाले, वाचत का नाहीस. ती खिडकीशी बसून दादाच्या सदऱ्याला बटण लावत होती. तुम्ही घातलेली गळ माझ्या लक्षात होती. मी शिकले ते दादाच्या कमाईवर, आणि तिच्यासमोर मीच अक्षरं लपवायची, हे मला जमलं नाही. पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. सर दुकानात आले तिथे तिची सुई थांबली. यातला एवढा भाग गाळ, हेही वाचलं. शेवटच्या नमस्कारापर्यंत आले तेव्हा ती सदरा ठेवून आत गेली होती, पण मी तो नमस्कारही रिकाम्या खुर्चीपुढे मोठ्याने वाचला. एकही ओळ गाळली नाही.

दर वेळी शेवटी काही मागते, या वेळी मागत नाही. तब्येतीला जपावं.

तुमची भाची