बोलण्यात पहिला आलेल्याला शिकवण्यातून मोकळे करण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
इंग्रजी संभाषण वर्ग,
विद्यापीठ कार्यालय, दुसरा मजला.

विषय : सहायक शिक्षकपदाची नेमणूक रद्द होऊन विद्यार्थ्यांच्या बाकावर परत बसू देणेबाबत.
संदर्भ : आपले नेमणूकपत्र, व त्यानंतर आपल्या दालनात झालेली अर्जदाराची फजिती.

महोदय,

१. अर्जदार मृदाशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. चर्चेच्या तासाला जो तोंड उघडेल त्याला गुण, अशी येथील पद्धत आहे. सबब अर्जदाराने आपल्या वर्गातील भारदस्त इंग्रजी वाक्ये घोकून काढली : ‘याला दुसरीही बाजू आहे’, ‘आधीच्या वक्त्यांना जोडून सांगायचे तर’. विषय कळला नाही तरी ही वाक्ये चालतात. अर्जदार आपल्या वर्गात पहिला आला, आणि त्यावरूनच ही नेमणूक झाली.

२. मार्गदर्शक बाईंनी परवा प्रयोगशाळेत इंग्रजीतून सांगितले की मातीच्या ओलाव्याचे आकडे चुकले आहेत, आणि का चुकले तेही समजावले. अर्जदाराला ‘चुकले’ एवढेच कळले. त्याने उत्तर दिले, ‘आपली सूचना मोलाची असून तिचा सखोल विचार व्हावा.’ बाई खूश होऊन गेल्या. आकडे चुकीचेच आहेत. ‘कळलं नाही, पुन्हा सांगा’ हे अर्जदाराला इंग्रजीत म्हणता येते. पहिला आल्यापासून जीभ रेटत नाही.

३. हे खूळ घरापर्यंत पोचले आहे. ताईने फोनवर ‘जेवलास का?’ विचारले असता अर्जदार ‘या प्रश्नाचे अनेक पैलू आहेत’ असे बोलून गेला. ताई म्हणाली, ‘पैलू राहू देत, पोटात काय गेलंय ते सांग.’ काहीच गेले नव्हते.

४. नेमणूक नाकारण्यासाठीच अर्जदार आपल्या दालनात आला होता. प्रत्यक्षात तो ‘या संधीच्या मर्यादाही लक्षात घ्याव्यात’ असे म्हणाला. आपण त्यास परिपक्व विचार म्हणालात आणि आणखी एक वर्ग दिलात. अर्जदाराने आभार मानले, व जिन्यात येऊन कपाळावर हात मारला.

५. पुढील महिन्यात तोंडी परीक्षा आहे. परीक्षक मातीबद्दल विचारतील, आणि अर्जदाराला मनातून भीती वाटते. नापास झाल्यास शिक्षण इथेच संपेल. तरी नेमणूक रद्द करून त्याला मृदाशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या तासांना मागच्या बाकावर बसू द्यावे, ही विनंती.

निर्णय कृपया लेखी कळवावा. समक्ष बोलावू नये. बोलावल्यास अर्जदार उत्तम बोलेल, आणि आपण त्याला तिसरा वर्ग द्याल.

आपला नम्र व नको तितका वाक्पटू,
(सही)
मृदाशास्त्र विभाग
दिनांक : रविवार, वर्ग सुरू होण्याचा आदला दिवस

सोबत : नेमणूकपत्र व प्रथम क्रमांकाचे प्रशस्तिपत्र, दोन्ही परत.