ओढ्याच्या वाटेवरचा निबंध

लातूर, ४ एप्रिल १९३७

सुट्टी कसली! हैदराबादेहून येऊन तीन दिवस झाले नाहीत तोच जीव कंटाळला. मुलखामुलखांतल्या व्यापारावर निबंध लिहायचाय. पहिला आला तर एम.ए.ची शिष्यवृत्ती. नाहीतर बाबा म्हणतात तसं, बी.ए. झालं की तहसिलीत कारकुनी! कागद अजून कोराच. प्रोफेसरसाहेबांचं एकच पालुपद — "किताब नहीं मियाँ, आँख से लिखो." इथं डोळ्यांना दिसतं काय? ऊन!

७ एप्रिल

शेषेरावमामाच्या गावी आलो. निजामाच्या मोगलाईतलं हे शेवटचं गाव. पुढच्या शिवारापासून इंग्रजी मुलूख. सडकेवर करोडगिरीचा नाका. माल इकडचा तिकडे न्यायचा तर जकात भरा.

मामाला पुस्तकातला सिद्धांत सांगितला. एका देशानं कापड करावं, दुसऱ्यानं दारू. अदलाबदल केली की दोघांचाही फायदा. मामा म्हणाला, "दारूच कामून? तूर न्हाई का पिकत तिथं?" चतुरामामी हसून हसून बेजार. मग मामा हळूच म्हणाला, "ह्यात शिकायचं काय हाय? आम्ही तेच करून राहिलो की."

८ एप्रिल

मामानं गाडीत बसवून नेलं. सडकेनं नव्हे — कोरड्या ओढ्यातून! जाताना तूर, येताना मीठ नि लुगडी. जकात शून्य. "बैलाला सरहद्द दिसती का, भाच्या?" इतकी वर्षं शिकलो, आजच्याइतकं कधी समजलं नव्हतं.

११ एप्रिल

तीन दिवस बाभळीखाली बसून गाड्या मोजल्या. ओढ्यातून एकवीस, नाक्यावरून चार! मीठ स्वस्त, दोन्हीकडची माणसं खुशीत. जकात उठवा — हेच लिहिणार, ठासून लिहिणार!

१२ एप्रिल

भूक नाही, झोप नाही. लिहितोय.

१९ एप्रिल

निबंध टपालात टाकला. नकाशाही जोडला — ओढा, त्याची वळणं, गाडी चढते ती दरड. गावाचं नाव घालावं की नाही, यावर तासभर अडलो. घातलं. नावावाचून नकाशाला कोण विचारतो? मामाचं नाव मात्र कुठं येऊ दिलं नाही, एवढी अक्कल आहे मला.

लातूर, ६ मे

पत्र नाही.

९ मे

आजही नाही. पोस्टमन दिसला की ताटावरून उठतो. आई म्हणते, "बस की रे श्रीमंता एका जागी! अंगात वारं शिरलंय का?"

१६ मे

पहिला! शिष्यवृत्ती माझी! प्रोफेसरसाहेबांनी निबंध करोडगिरीच्या बड्या साहेबांनाही दाखवला. ते बेहद्द खूश — "इतकी बारीक माहिती आमच्या दफ्तरात नाही." आईनं गल्लीभर साखर वाटली. मामाला निरोप धाडला. बघा, आता जकात उठतेच!

२३ मे

ओढ्यात पहारा बसला. पहिलीच गाडी मामाची सापडली. मामा कोठडीत, बैल जप्त. मामी सकाळीच आली, अर्जाचा कागद विकत घेऊन. कचेरीत चालते उर्दू; नात्यात ती लिहिणारा मी एकटाच, अर्ज मीच लिहायचा. "लिही बाबा, वाट चुकले म्हनावं."

समोर बसलीय. माझ्या हाताकडे बघतेय. लाज वाटते, भीती वाटते. तिला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.