माझ्या खोलीतला पाइप

कर्वेनगर, रविवार संध्याकाळ

परत तेच! बाबांना कितीदा सांगितलं, गावच्या नव्या घरात इंटरनेटच्या वायरचा पाइप आईच्या खोलीत न्या. आत रेंज नाही, माझ्याशी बोलायला ती दुखऱ्या गुडघ्यांनी स्लॅबवर चढते. आणि पाइप टाकला माझ्या खोलीत, वरून प्लॅस्टरही झालं! फोनवर ओरडलोच.

बाबा हळूच म्हणाले, "मंग तू घरी आल्यावर काम कुठी बसून करशीन रे?"

बसून? मी दिवसभर कोथरूडात लोकांच्या भिंतींतून वायरी ओढतो. हे त्यांना सांगितलं नाही, फोन ठेवला.

ओरडायला नको होतं. प्लॅस्टरच्या आधी गावी एक चक्कर मारली असती तर? आई अजून स्लॅबवरच चढतेय. फोडाफोडी नको. माझ्या खोलीतून तिच्या खोलीपर्यंत वायर भिंतीवरूनच नेऊ दे.

त्या वायरीसाठी बाबांना दोन हजार पाठवतो.