सात गोल आणि सिरुसेरीची सहल

ती. काशिनाथमामांच्या सेवेशी,

चेन्नईहून ऋजुताचा वाकून नमस्कार, मामींनाही. तुमचा डावा गुडघा आता जिना चढू देतो का? डॉक्टरांनी तुम्हाला चालायला सांगितलंय, संध्याकाळी मैदानावर जाऊन पोरांना पास कसा द्यायचा ते दाखवायला नाही, असं मामींनी तुम्हाला सांगायला सांगितलंय. सांगितलं. आमच्याकडे सगळे बरे आहेत. रघुराम बरा आहे, सासूबाई बऱ्या आहेत, सासऱ्यांचं ब्लडप्रेशर सोडलं तर तेही बरे आहेत. बरी नाही ती मी, आणि माझं दुखणं कुठल्याही गोळीने जाणारं नाही. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही 'हां, हां, बरं बरं' म्हणता आणि ठेवल्यावर मामींना विचारता की पोरगी काय म्हणत होती. शिवाय सांगताना मला रडू आलं असतं आणि तुम्हाला वाटलं असतं, सर्दी झाली. म्हणून हे पत्र. चष्मा लावून, बसून वाचा.

माझे सासरे चंद्रमौळी अप्पा तुम्हाला आठवत असतीलच. लग्नात तुम्ही दोघांनी पंगतीतल्या वाट्या सरकवून ऑफसाइडवर वाद घातला होता आणि वाढपी श्रीखंड घेऊन तसाच ताटकळत उभा होता. (वाद कोण जिंकलं ते माझ्या माहेरी एक सांगतात, सासरी दुसरंच.) त्यांचं घराणं तंजावरचं. कित्येक पिढ्या तिकडे काढल्यामुळे त्यांचं मराठी ऐकताना मला सुरुवातीला दरबारात उभं असल्यासारखं वाटायचं, आणि मध्येच तमिळ आलं की दरबारातून थेट भाजीबाजारात. माझं कोल्हापुरी त्यांना भांडल्यासारखं वाटायचं. पहिले सहा महिने आम्ही एकमेकांना नुसते हसून दाखवत होतो. मग एका संध्याकाळी ते मैदानावर निघाले असताना मी विचारलं, "अप्पा, तुमचा संघ फोर-फोर-टू खेळतो का?" ते चप्पल घालता घालता थांबले. त्या दिवसापासून माझ्या ऑफिसला सुट्टी असेल तेव्हाची एकही मॅच आम्ही वेगवेगळी पाहिली नाही.

त्यांचा फुटबॉल संघ म्हणजे जॉर्ज टाउन रेंजर्स. कागदाचे, लोखंडाचे आणि मसाल्याचे व्यापारी वर्गणी काढून चालवतात, आणि बंदराच्या भिंतीमागे त्यांचं स्वतःचं छोटं मैदान आहे. तिथे गोलकीपरने जोरात किक मारली की चेंडू कंटेनरच्या पलीकडे जातो आणि परदेशी जाऊ नये म्हणून कुणाला तरी धावावं लागतं. अप्पा या क्लबचे सेक्रेटरी आहेत. जहाज कंपनीच्या एजंटाकडची नोकरी संपली, पण हे काम संपलं नाही. यंदा रेंजर्स असे काही हरत गेले की शेवटच्या दोन मॅच उरल्या तेव्हा तळाशी आम्ही, आणि आमच्या खाली फक्त पान संपतं. तळाचा संघ खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार. क्लब इतक्या वर्षांत कधी खाली गेला नव्हता. अप्पा तर जेवताना सांबारात बोट बुडवून ताटावर गुणांचं गणित मांडायचे, आणि सासूबाई ते गणित पूर्ण होण्याआधी वरून भात वाढायच्या.

त्यात मागच्या घरच्या मॅचला अप्पा लाइन्समनला शिव्या द्यायला खुर्चीवर चढले (तंजावरी शिव्या, म्हणजे तो लाइन्समन उलट खूश झाला असावा) आणि तिथेच त्यांना चक्कर आली. मी धरलं म्हणून बरं. डॉक्टरांनी सांगितलं, पुढचे काही आठवडे उत्तेजना नको. सासूबाईंनी, म्हणजे कनकाअम्मांनी, घरी आल्यावर मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हातातली कोथिंबीर न सोडता म्हणाल्या, "त्यांना तूच नेलीस, आतां तूच थांबवाचं." मामा, मी काय करणार होते? अप्पांना तोंडावर 'जाऊ नका' म्हणण्याची हिंमत ना त्यांच्या मुलात, ना बायकोत. ती तुमच्या भाचीत असेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं. ती नव्हती. म्हणून मी खोटं बोलले.

शनिवारी सकाळी मी अप्पांना सांगितलं की रात्रीच्या पावसाने मैदानात पाणी तुंबलंय, मॅच पुढे गेली. पाऊस पडला होता हे खरं, बाकीचं मी घातलं. आणि लगेच म्हटलं, आज सिरुसेरीला आमच्या कंपनीत घरच्यांना आणायचा दिवस आहे, तुम्ही माझं ऑफिस कधी पाहिलंच नाही, चला ना. अप्पांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. माझे कान तापले. मग म्हणाले, "सेरी," म्हणजे बरं, "येतों." आणि खिशातला फोन काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, हा सारखा वाजतो, तुझ्या पिशवीत ठेव. मला वाटलं, देव पावला! फोन काढून कसा घ्यायचा याच विवंचनेत होते मी.

सिरुसेरी आमच्या घरापासून म्हणजे शहराचं दुसरं टोक. कंपनीच्या बसमध्ये अप्पा खिडकीशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते, लग्नाला निघाल्यासारखे. ऑफिसात मी त्यांना माझी खुर्ची दाखवली, ती वरखाली कशी होते ते दाखवलं, कॉफीचं मशीन दाखवलं. (मशीनच्या कॉफीचा एक घोट घेऊन त्यांनी कप इतक्या सभ्यपणे खाली ठेवला की मला मशीनची दया आली.) मग आम्ही बाहेर आलो. आमच्या आवारात हिरवळ आहे, मामा, तुम्ही पाहिलीत तर रडाल, अशी सपाट. अप्पा पाहतच राहिले. "इथें कोण खेळतात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही, ती नुसती बघायची आहे. त्यांना ते काही केल्या पटेना. त्यांनी एक पाऊल आत टाकलं तोच रखवालदाराने शिट्टी फुंकली, आणि अप्पा जन्मभराच्या सवयीने जागच्या जागी थांबले आणि त्यांनी हात वर केला, फाऊल कबूल केल्यासारखा. सगळे हसले. मीही हसले. पिशवीत फोन थरथरत होता.

तो दर थोड्या वेळाने थरथरायचा आणि दर वेळी मी मनात म्हणायचे, अजून एक खाल्ला वाटतं. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं, मामा, खरं सांगते. माणूस बुडताना आपण त्याचं तोंड दुसरीकडे वळवलं, केवढं पुण्य! संध्याकाळी अप्पा हात धुवायला गेले तेव्हा मी फोन काढून पाहिला. कोच नारायणस्वामींचे मेसेज होते. एक-शून्य. दोन-शून्य. मी नावं उलटी वाचली असं वाटून पुन्हा पाहिलं. मग तीन-एक. मग नुसती चेंडूची चित्रं. शेवटी सात-एक, आणि त्याखाली एक फोटो. सगळा संघ चिखलात, मध्ये अप्पांची खुर्ची, खुर्चीत कोणी नाही. ('सर, कहां हो?' असं नारायणस्वामींनी मोडक्या हिंदीत लिहिलं होतं, आनंदाच्या भरात त्यांना भाषेचं भान राहिलं नसावं.) घरच्या मैदानावर रेंजर्सनी एवढा मोठा विजय कधी मिळवलाच नव्हता. आता शेवटच्या मॅचमध्ये बरोबरी केली तरी आम्ही वर राहणार.

अप्पा रुमालाला हात पुसत आले. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला, फोन लांब धरला, जवळ धरला. मग मला म्हणाले, "वाच." मी वाचलं. पहिल्यापासून. कोणी मारला, कुठून मारला, जेवढं लिहिलं होतं तेवढं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. ते माझ्याकडे न बघता त्या बघायच्या हिरवळीकडे बघत होते. आवाज चढला नाही, चक्कर आली नाही. डॉक्टरांना हवं होतं अगदी तसंच सगळं शांत होतं.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "अप्पा, चुकलं माझं." टोलगेट गेल्यावर ते म्हणाले, "परवाइल्लै." म्हणजे असू दे. आणि मग थोड्या वेळाने, खिडकीकडेच तोंड करून, "हरले तें सगळें मी बघितलों. एकही चुकवलों नाहीं." मामा, त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी जेवले असते त्या रात्री.

पुढचा आठवडा कसा गेला ते विचारू नका. अख्खं जॉर्ज टाउन आजाऱ्याला भेटायला यावं तसं आमच्याकडे येऊन ती मॅच सांगून गेलं. कागदवाले यायचे, मसालेवाले यायचे, प्रत्येकाचा चौथा गोल वेगळा. अप्पा सगळ्यांना कॉफी पाजायचे, सगळं नीट ऐकून घ्यायचे आणि शेवटी "बरं झालं" म्हणायचे. सासूबाई मला म्हणाल्या, बघ, तब्येत किती सुधारली, आवाजसुद्धा करत नाहीत. रघुराम म्हणाला, हायलाइट्स नाहीत का कुठे? या लीगचे हायलाइट्स! त्याला वाटतं प्रत्येक खेळ क्रिकेटच असतो.

शेवटी मी नारायणस्वामींना गाठलं आणि म्हटलं, ते सात गोल अप्पांना परत करून दाखवा. म्हणाले, "अम्मा, गोल म्हणजे काय भरतनाट्यम आहे, पुन्हा करायला?" पण अप्पांसाठी तयार झाले. ठरलं असं, की रविवारी सकाळी पहिला संघ स्वतःचं काम करेल आणि राखीव पोरं विरुद्ध संघ होतील. कोणी कुठे पडायचं, कोणी कुठे चुकायचं, हे सगळ्यांना समजावून दिलं. सासूबाईसुद्धा आल्या, निकाल ठरलेला असल्यामुळे धोका नाही म्हणून, लिंबूभाताचा डबा घेऊन. अप्पांना खुर्चीत बसवलं.

पहिला गोल ठरल्याप्रमाणे झाला. गोलकीपर चुकीच्या बाजूला इतक्या आधी पडला की चेंडूला त्याची वाट बघावी लागली. शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं चाललं होतं. अप्पांनी टाळ्या वाजवल्या, पाहुण्यांसारख्या. दुसऱ्या गोलाच्या वेळी शेषाद्री नावाच्या राखीव पोराने चेंडू पायाखालून जाऊ द्यायचा होता. हा शेषाद्री वर्षभर बाकावर बसून होता, आणि संघ निवडणाऱ्या समितीत अप्पा आहेत हे त्याला ठाऊक होतं. त्याने चेंडू अडवला आणि सुटला. सगळं मैदान ओरडतंय, "डेय शेषाद्री! उलटा! उलटा!" पण तो कुठला थांबतोय. गोल! मग राखीव पोरांना जोर चढला, पहिल्या संघाला राग आला, आणि कोणी ठरलेलं काही ऐकेना. नारायणस्वामी दोन्ही हात डोक्यावर ठेवून मधोमध उभे. त्या ऐतिहासिक विजयाच्या पुनःप्रयोगात रेंजर्सचा पहिला संघ एक-चार असा हरला.

मी तोंड लपवायला जागा शोधत होते. आणि वळून बघते तर अप्पा खुर्चीवर चढलेले! "मारा! मारा! सोडूं नकां त्याला!" असं कोणत्या बाजूला ओरडत होते त्यांनाच माहीत. सासूबाई खालून धोतर ओढत होत्या. चेहरा लालबुंद, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तो चेहरा अप्पांचा होता. नंतर त्यांनी शेषाद्रीला जवळ बोलावून त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि शेवटच्या मॅचसाठी त्याला संघात घेतलं. ब्लडप्रेशर घरी येऊन मोजलं, पहिल्यापेक्षा कमी निघालं. (डॉक्टरांना कळवलं नाही, उगाच त्यांचं वाढायचं.)

रात्री जेवताना अप्पा म्हणाले, मजा आली आज. मी म्हटलं, खरंच? म्हणाले, खरंच. मग ताटातल्या भाताकडे बघत हळूच म्हणाले, "पण तो खेळ नव्हे हा." तेव्हापासून मला कळलंय, मामा, की काही गोष्टी परत करून देता येत नाहीत, कितीही माणसं मैदानात उतरवली तरी. मी त्यांना चक्करेपासून वाचवलं. ज्या एका दुपारसाठी त्यांनी वर्षभर मार खाल्ला, तिच्यापासूनही वाचवलं. तुम्ही असता तर काय केलं असतं, हे मला सारखं वाटतं. तुम्ही बहुतेक त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर चढला असता.

मामींना पुन्हा नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची भाची,
ऋजुता

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. शेवटची मॅच पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे. सासूबाईंनी अप्पांना जायची परवानगी दिली आहे, पण शेजारी कोणी वयस्क, समजूतदार आणि शांत स्वभावाचा माणूस बसला पाहिजे ही अट घातली आहे. मी तुमचं नाव सुचवलं. तुम्ही शांत स्वभावाचे आहात असं मी त्यांना सांगितलंय; हे वाक्य मामींना वाचून दाखवू नका.

ता. क. २. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात अप्पा आले आणि एवढं लांबलचक काय लिहिलंय म्हणून विचारलं. मी सगळं वाचून दाखवलं. लपवायचं तरी किती? ऐकून ते बराच वेळ बोटाने टेबलावरचा डिंक खरवडत बसले. मग म्हणाले, "ऋजुता, मैदानांत पाणी भरलं तर पहिला फोन कोणाला येतो? सेक्रेटरीला. त्या दिवशीं पहांटे मीच जाऊन बघून आलों होतों. चिखल होता, पाणी नव्हतं." मी विचारलं, "मग आलात कशाला माझ्याबरोबर?" ते म्हणाले, "भीति वाटली. त्या खुर्चींत बसून क्लब खालीं जातांना बघणें मला झेपलं नसतं. तूं खोटं बोललीस तें बरं झालं, नाहींतर मलाच खोटं बोलावं लागलं असतं." तेव्हा मामा, तिकीट काढाच. त्या रविवारी आम्हा दोघांपैकी कोण कोणाला घेऊन कुठे पळेल, याचा आता काही नेम नाही.