आधी तू जाऊन बघ

बिश्केक, सोमवार

थोरल्या जाऊबाई उम्सुनाय यांना धाकट्या बुरमाकानचा वाकून सलाम. तुमचे गुडघे, तुमचा रक्तदाब, लाल गाय आणि दारची जर्दाळूची झाडं सुखरूप असतील अशी आशा करते. डाव्या डोळ्याची चौकशी करत नाही. तो गेला तो गेला. उजव्याची करते. तो अजून सूनबाईचं तोंड ओळखतो, की आवाजावरून अंदाज बांधून ‘दिसलं, दिसलं’ म्हणता? (बेगिमाय, हे पत्र तूच वाचून दाखवत असशील. सावकाश वाच. कंसातलंही वाच. तुझ्या सासूबाईंना अक्षर दिसत नाही, पण गाळलेलं वाक्य बरोबर ऐकू येतं.)

फोन असताना पत्र कशाला, असं विचाराल. तर मंगळवारी उतरल्याबरोबर मी फोन केला, तेव्हा तुम्ही ‘पोचलीस ना, मग ठेव’ म्हणालात आणि मी ठेवायच्या आत तुम्हीच ठेवलात. पत्राला मध्ये तोडता येत नाही. शिवाय ठरलं काय होतं ते कागदावर आलेलं बरं. ओशच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा काचबिंदू, उजवा डोळाही डाव्याच्या वाटेने चाललाय, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची तर राजधानीत ऑपरेशन करा. माझ्या मुलाने, एर्मेकने, इथल्या डॉक्टरीणबाईंकडून वीस तारीख मिळवली. रस्त्याने अठरा तास आणि दोन घाट, त्यातला वरचा घाट हिमकडे कोसळून सारखा बंद. तुमच्या कमरेला ते झेपणार नाही हे तुम्हीच म्हणालात. उरलं विमान. त्यावर तुम्ही डोक्याचा रुमाल घट्ट केलात आणि म्हणालात, ‘लोखंड हवेत राहतं हे मला कोणी शिकवू नका. बुरमाकान, आधी तू जाऊन बघ. जिवंत पोचलीस तर मी विचार करीन.’ भात शिजला का बघायला एक शीत काढून दाबतात, तसं तुम्ही मला काढलंत. घरातलं जुन्यातलं जुनं शीत. असो. शीत पोचलं. आता विचार करा.

तुम्ही बजावलं होतंत की जे घडेल ते लिही, त्यात साखर घालू नकोस. म्हणून आधीच कबूल करते की थोडी भीती वाटली, आमटीत मीठ असावं तेवढी. आणि त्याला कारण मी नाही, पुस्तक आहे. तुम्हाला माहीतच आहे, आमच्या ओरोझबायनी एकतीस वर्षं बातकेनच्या विमानतळावर धावपट्टीवरचा बर्फ लोटला आणि धावपट्टीवरच्या गायी हाकलल्या (विमानांपेक्षा त्यांना गायीच जास्त ओळखत असत), आणि प्रवासी बाकांवर विसरून गेलेली पुस्तकं घरी आणली. त्यांच्यावरच मी वाचायला शिकले. निम्म्यांना शेवट नसे. लोक उरलेल्या पानांत बिया बांधून नेत. एका कादंबरीतली मुलगी तीस वर्षं झाली तरी माझ्यासाठी अजून रेल्वे फलाटावरच उभी आहे. त्यांतच एक विमानाचं पुस्तक होतं, चित्रांसकट. पंखावर बर्फ साचला तर काय होतं हे चाळिसाव्या पानावर फार सविस्तर दिलं आहे. तसं झाल्यावर काय करायचं हे एक्केचाळीस ते साठ पानांत असावं, पण ती पानं नाहीत. आता सांगा, अशा बाईने निर्धास्त कसं बसावं? जी काहीच वाचत नाही तिला अख्खं विमान मिळतं, मला वीस पानं कमी असलेलं मिळालं.

सामान तपासायच्या मशीनपाशी माझी पिशवी अडली. कुरुतचे, वाळवलेल्या दह्याचे, गोळे मशीनमध्ये बंदुकीच्या गोळ्यांसारखे दिसले म्हणे. नव्या पोऱ्याने एक गोळा हातात घेऊन वास घेतला, दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने चाखला. तिसऱ्याने तर खिशात टाकला. तेवढ्यात त्यांचा म्हातारा साहेब आला, माझ्याकडे बघून म्हणाला, ‘अरे, या ओरोझबायच्या घरच्या. सोडा त्यांना.’ चार वर्षं झाली ना जाऊबाई, ओरोझबायना जाऊन. पण त्या फाटकावर त्यांच्या नावाने अजून दार उघडतं. मी तोंड फिरवून बुटाची नाडी बांधली. (बुटाला नाडी नव्हती.)

खरी गंमत आत झाली. एर्मेकने माझ्यासाठी पुढून तिसऱ्या रांगेत खिडकीची जागा घेतली होती. मी बसले न बसले तोच पांढऱ्या टोपीचे, पांढऱ्या दाढीचे एक बुजुर्ग अक्साकल समोर उभे राहिले. सातिबाल्दी त्यांचं नाव, कालव्यापलीकडच्या गावचे. म्हणाले, ‘एजे, हे काय? थोरल्या बहिणीसारख्या तुम्ही, आणि दाराशी? दाराशी सुना बसतात, चहा ओतायला. लोक आम्हाला काय म्हणतील?’ आता दारापासून जितकं लांब तितका मान जास्त, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं? घरात तसं, तंबूत तसं. मग विमानात का नाही? दार होतं पुढे, म्हणजे मानाची जागा सगळ्यांत मागे. अक्साकलांनी माझी पिशवी उचलली आणि मला शेवटच्या रांगेत नेऊन बसवलं, संडासाच्या भिंतीला टेकून. त्यांचं बघून बाकीच्यांनाही लाज वाटली. मधल्या रांगांतून म्हातारे उठले, म्हाताऱ्या उठल्या, कोण कोणाहून मोठा याची चौकशी सुरू झाली. एक आजी म्हणे, मी भूकंपाच्या वर्षीची. दुसरी म्हणे, कुठल्या भूकंपाच्या, ते आधी सांग. तरुण मंडळी अदबीने पुढे सरकली. पाच मिनिटांत विमानातली सगळी दाढी, सगळे गुडघे आणि वाळलेल्या जर्दाळूंची सगळी पोती शेपटाकडे गोळा झाली, आणि आम्ही एकमेकांना मानाने जागा देत देत एकमेकांच्या मांडीवर बसलो. बाजूच्या दाराचा उपयोग काय तो तोवर मला कळला नव्हता. तो कळल्यावर मानाचं मोल थोडं उतरलं.

मग एल्नुरा नावाची हवाईसुंदरी आली. पोरगी गोड, पण पांढरी फटक पडली होती. ‘आजोबा, शेपूट जड झालं तर विमान नीट उडणार नाही. आपापल्या नंबरावर चला.’

अक्साकल म्हणाले, ‘म्हणजे तुझ्या विमानाला वडीलधारी माणसं जड होतात?’

‘तसं नाही हो आजोबा.’

‘मग कसं? नंबर काय, बकऱ्यांच्या कानालाही असतो.’

पोरगीने अक्साकलांना वाकून सलाम केला. मग म्हणाली, ‘आजोबा, पाहुण्याला मान कोणाजवळ? घरधन्याजवळ ना? इथला घरधनी पायलट. तो पुढे बसलाय.’ झालं. सगळी दाढी, गुडघे आणि पोती उठली आणि पुढे धावली. आता नाक जड झालं. पायलट स्वतः बाहेर आला, माझ्या एर्मेकहून लहान असेल, छातीवर हात ठेवून सगळ्यांना सलाम केला आणि म्हणाला, ‘वडीलधाऱ्यांनो, प्रत्येक जागा मी स्वतः मोजून मांडली आहे. माझी मांडामांड मोडू नका.’ यजमानाने स्वतः येऊन सांगितल्यावर कोण मोडेल? सगळे मुकाट्याने नंबरावर गेले. मला माझी खिडकी परत मिळाली. अक्साकलांचा नंबर निघाला माझ्या शेजारचा. जाता जाता मी एल्नुराला हळूच विचारलं, बाई, एक्केचाळीस ते साठ पानांत काय आहे? ती म्हणाली, ‘एजे, पायलटकडे सगळी पानं आहेत.’ हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तिला एक कुरुत दिला.

विमान धावायला लागलं तेव्हा सगळ्यांनी तळवे वर केले, अक्साकलांनी दुआ म्हटली, सगळ्यांनी ‘ओमीन’ म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवले, आणि हात खाली येईपर्यंत जमीन सुटली होती. जाऊबाई, ते कसं वाटतं सांगू? लहानपणी झोपाळा अगदी वर जाऊन क्षणभर थांबतो ना, पोटात काहीतरी मागे राहतं? तसं. फक्त हा झोपाळा खाली येतच नाही. मी खाली बघितलं. धावपट्टी दिसली. पुसायच्या फडक्यावर पांढरा दोरा घातलेला असावा एवढीशी. तिच्या काठावर एक माणूस काठी घेऊन उभा होता, त्याच्यापुढे दोन गायी. आता दुसरा कोणी असतो तिथे. एकतीस वर्षं ओरोझबाय संध्याकाळी घरी येऊन पाय शेकत आणि म्हणत, आज अमुक इतकी वर सोडली. हजारो विमानं वर सोडली त्यांनी आणि एकातही बसले नाहीत, आणि मी एकदाही विचारलं नाही की तुम्हाला बसावंसं वाटतं का. मला वाटायचं, त्यांना नको असेल. विचारायला काय लागतं? तो माणूस टाचणीच्या डोक्याएवढा झाला तरी मी बघत राहिले. मग ढग आला.

डोंगरांवर विमान हलायला लागलं. धक्के बसतात, ते खोटं सांगणार नाही. आपल्या नदीकाठच्या रस्त्यावर ट्रकमध्ये बसतात त्याहून कमीच. मी अक्साकलांना विचारलं, हे नेहमीचं का? आत्तापर्यंत ते मला सांगत आले होते की ही त्यांची बारावी खेप, विमान म्हणजे त्यांचं घोडंच. बघते तर त्यांनी डोळे गच्च मिटलेले आणि टोपी तोंडात धरलेली. बऱ्याच वेळाने टोपी काढून म्हणाले, ‘एजे, कोणाला सांगू नका. बारा खेपा झाल्या, मी एकदाही खिडकीबाहेर बघितलेलं नाही. खाली काय आहे?’

मग मी सांगत बसले. तुम्ही म्हणता ना, बुरमाकान पुस्तकासारखं बोलते. तसं बोलले. सांगितलं की आपण ज्या डोंगरांना आयुष्यभर मान वर करून बघत आलो, ते खाली बसलेत, उन्हात पाठ शेकत. त्यांच्या मागे आणखी आहेत, त्यांच्या मागे आणखी. आपल्याला एकच रांग माहीत होती. एक तळं दिसलं, गोठलेलं, निळं, त्याच्याकडे जायला पायवाटही नाही. बर्फावरून एक लहान सावली पळत होती. ती आपलीच होती. अक्साकल डोळे मिटून ‘मग? मग पुढे?’ करत होते. मी घाबरायचं विसरूनच गेले, जाऊबाई. कोणासाठी तरी बघायचं असलं की भ्यायला सवड राहत नाही. तासाभराने उतरलो. मी सत्तर वर्षांच्या मापाने सांगते, तो तास फार छोटा होता. परत वर न्या म्हटलं असतं, पण लोक काय म्हणतील.

आता ऐका. मी तो देखावा त्यांना सांगितला, तुम्हालाही सांगू शकते, शब्दांची माझ्याकडे टंचाई नाही. पण तुमच्याकडे अजून एक डोळा आहे. अर्धामुर्धा का होईना, आहे. तो राखायला इथे यायचं आणि येताना वाटेत हे बघायचं, दोन्ही एकाच तिकिटात होतं. वीस तारीख गेली तर पुढची जूनमध्ये, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या जूनपर्यंत राखण्यासारखं काय उरेल सांगता येत नाही. मी साखर घातलेली नाही. ओरोझबाय सहा वर्षांचे असताना तुम्ही लग्न होऊन आलात, तुमच्या हातचं खाऊन ते वाढले. त्यांना विचारायचं माझ्याकडून राहिलं. तुम्हाला मी विचारते आहे: येता का?

बेगिमायला आशीर्वाद. गायीला गोंजारा. उत्तराची वाट पाहणारी,

तुमची धाकटी,
बुरमाकान

ता. क. हे पत्र गुरुवारी सातिबाल्दी अक्साकल विमानानेच आणून देतील. ते म्हणतील की धक्का बसला तेव्हा मी किंचाळले आणि त्यांच्या कोटाची बाही धरून बटण उपटलं. यातलं बटणाचं खरं आहे. किंचाळण्याचंही खरं आहे. पण एकदाच.

ता. क. दुसरा. दोनदा.

ता. क. तिसरा, फक्त बेगिमायसाठी, मनातल्या मनात वाच. सतरा तारखेचं तिकीट एर्मेकने सासूबाईंच्या नावाने काढून ठेवलंय, पाकिटात आहे. खिडकीची जागा आहे. त्या दिवसापर्यंत बोलू नकोस. (त्या ‘पुढे काय लिहिलंय, गप्प का झालीस’ म्हणतीलच आणि तुला वाचावं लागेलच. तर वाच. मोठ्याने वाच.)

ता. क. चौथा. जाऊबाई, तुम्हाला न्यायला मी परत विमानाने येईन असं म्हणाले होते. ते जमणार नाही. वर असताना छान वाटतं, पण इथे सातव्या मजल्यावर बसून ते चाळिसावं पान रोज आठवतं, आणि एकटीने पुन्हा त्या दारातून आत शिरायची माझी छाती होत नाही. घाट तर बंदच आहे. तेव्हा तुम्ही आला नाहीत तर डोळा तुमचा जाईल आणि मी मरेपर्यंत सुनेच्या स्वयंपाकघरात अडकेन. तिला मीठ कळत नाही. सतराला या. परत जाताना खिडकीत तुम्ही बसा आणि मला काय दिसतंय ते सांगा. मी डोळे मिटून घेणार आहे.