रोमला जायचे तीन मार्ग

प्रिय बाबा,

जुलैत यायला कुठल्या वाराची बोट बरी, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. उत्तर शेवटी देते.

आईला एकदा तुमच्याकडे रोमला पाठवायचं म्हणून तीन वर्षं मी तुम्हाला मार्ग काढून देत होते. पहिला, ट्युनिसजवळच्या आपल्या गुलेतच्या बंदरातून थेट बोट आणि पुढे तासाभराची रेल्वे. दुसरा, पालेर्मोपर्यंत बोट, मग रेल्वे. सामुद्रधुनीपाशी अख्खी गाडीच डब्यांसकट बोटीत चढवतात. तिसरा, विमान, सव्वा तास. बोटीला तुम्ही म्हणालात, "तुझ्या आईला गुलेतच्या पुलावरसुद्धा मळमळतं." रेल्वेला म्हणालात, "सर्कशीत नेतेस का तिला?" आणि विमानाला, "माझ्या एकुलत्या एका लेकी, इंजिनीअरबाई, विमान साहेबलोकांसाठी. तुझा बाप एकोणीस वर्षं डेकवर झोपून येतोय." मी मार्गांच्या कोष्टकातली तिसरी ओळ खोडली.

दर ऑगस्टअखेर तुमची टॅक्सी वळणाआड जाण्याआधी आई निळ्या मडक्यातलं पाणी रस्त्यावर ओतते, गेलेलं माणूस परत यावं म्हणून. त्याआधी तुमच्या बॅगेच्या मुठीला जुन्या पडद्याची केशरी चिंधी बांधते, दोन गाठी मारून. तुम्ही दर वेळी हसता, "कोण चोरणार गं? आत तुझी हरिसाची, लाल मिरचीची चटणीच तर आहे." चिंधी मात्र तुम्ही कधी सोडली नाहीत. सोडायला हवी होती.

फेब्रुवारीत इथल्या आमच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्याचा सेन्सर बिघडला, तो दुरुस्त करायला मी रबरी झालरीच्या आतल्या बाजूला बसले होते. रोमचं विमान उतरलं होतं. केशरी चिंधीची बॅग माझ्या गुडघ्याजवळून पुढे गेली आणि झालरीपलीकडून तुमचा आवाज आला, "उतरलो गं. नाबुलची गाडी पकडतो, तासाभरात घरी. पोरांना झोपवू नकोस." त्याच संध्याकाळी तुम्ही आईला फोन करून सांगितलंत की रोममध्ये हाडं गोठताहेत. ती म्हणाली, "लोकरीची बंडी घाला."

खात्री केल्याशिवाय मी कशाची नोंद करत नाही. मार्चमध्ये नाबुलला जाऊन आले. तिथल्या एका घराच्या दारावर तुमचं नाव आहे. दार वाजवलं नाही.

आईला सांगायचं नाही, असंच ठरवलं होतं. पण परवा तुमचा फोन ठेवला आणि ती पडद्याची नवी चिंधी कापायला बसली. तेव्हा सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "बॅगेला चिंधी होती?" होती, म्हटलं. ती उठली, निळ्या मडक्याच्या तळाला खिळ्यानं भोक पाडलं आणि त्यात पुदिना लावला.

आता तुमचं उत्तर. बोट मंगळवारी आणि शनिवारी आहे. शनिवारची बरी, ती सकाळी लागते. गुलेतहून नाबुलला थेट गाडी नाही. ट्युनिसला बदलावी लागेल.

तुमची थोरली,
युसरा